कुंडीतल्या गवती चहाची जेली करायची आहे, ती घट्ट कशाने होईल?

बाल्कनीवाली, मुलुंड

नमस्कार मंडळी. पावसाळ्यानंतर आमच्या बाल्कनीतला गवती चहा नुसता माजलाय. मजल्यावरच्या सगळ्यांना जुड्या वाटून झाल्या, तरी कुंडी तशीच भरलेली. शेजारी तुळस आहे, पुदिना आहे आणि पानओवाही आहे (आम्ही त्याची भजी करतो). या पानांची पारदर्शक जेली करावी असं मनात आहे, पावाला लोण्यावर लावून खाता येईल अशी. एका प्रदर्शनात गवती चहाच्या जेलीची बाटली पाहिली. उजेडात धरली तर आरपार दिसत होतं आणि झाकण उघडल्याबरोबर ताजा वास. तेव्हापासून डोक्यातून जातच नाही.

पाककृती शोधल्या तर बहुतेक बाहेरच्या. त्यात पेक्टिनची (फळातला जेली घट्ट करणारा घटक) पाकिटं, सफरचंदाचं व्हिनेगर असलं काय काय. आपल्याकडे बाजारात मिळतं तेवढ्यावर हे होईल का? सासूबाई शाकाहारी आहेत, त्यामुळे जिलेटिन नको. घरात चायना ग्रास आहे, ते चालेल? आणि साखर निम्मी करता येईल का? नाताळच्या सुट्टीत नणंद येणार आहे, तिच्याबरोबर दोन बाटल्या द्यायच्यात, म्हणजे टिकायलाही हवी.

ठाण्याची खवय्यी

चायना ग्रासच घे, सोपं आहे. साधारण १० ग्रॅमला एक लिटर पाणी. गवती चहाचा काढा करायचा, साखर घालायची, चायना ग्रास विरघळेपर्यंत उकळायचं आणि ताटात ओतायचं. फ्रीजबाहेर ठेवलं तरी वितळत नाही. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर पिळ. आंबटात उकळलं की चायना ग्रासची पकड जाते.

पार्लेकर काकू

ठाण्याच्या ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे, पण त्याने वड्या पडतील. मुलांना आवडतात, उन्हाळ्यात छान लागतात, पण फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच राहतात. पावावर पसरणारी, बाटलीत टिकणारी जेली वेगळी. ती पेक्टिनची, आणि पेक्टिन पाकिटातूनच आलं पाहिजे असं मुळीच नाही.

मी लग्नानंतर काही वर्षांनी शासनाच्या सामुदायिक फळसंरक्षण केंद्रात वर्ग केला होता. तेव्हापासून दर हिवाळ्यात पेरूची जेली घरी होतेच, आणि गच्चीवर कुंड्या आल्यापासून तिच्यात पानं घालते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, बाई, कंटाळू नकोस.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. गवती चहा, तुळस, पुदिना यांच्यात वास आहे, घट्टपणा नाही. पानांचा काढा कितीही आटव, साखर कितीही घाल, त्याचा पाक होईल, जेली होणार नाही. घट्टपणा फळातून आणायचा. पेक्टिन, आंबटपणा आणि साखर ही तीन एका प्रमाणात जमली की जेली लागते, म्हणजे घट्ट बसते. एकही कमी पडलं तर बाटली हलवल्यावर सगळं हलतं. म्हणून ‘गवती चहाची जेली’ म्हणजे खरं तर गवती चहाच्या वासाची फळाची जेली. प्रदर्शनातल्या बाटलीत फळ नसेल तर पेक्टिन पावडर असणारच, लेबल वाचून बघ.

आता मुंबईत फळ कुठलं? या दिवसांत पेरू. त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं नाही. पण पिकून मऊ झालेला, घरभर घमघमणारा पेरू घेऊ नकोस. जसजसा पिकतो तसतसं त्यातलं पेक्टिन कमी होत जातं आणि त्याचा वासही तुझ्या पानांवर चढतो. नुकता हिरव्याचा पिवळा व्हायला लागलेला, दाबला तर कडक लागेल असा पांढऱ्या गराचा घे. त्यात थोडे अगदी हिरवे मिसळले तरी चांगलं. पेरूवाल्याला ‘जेलीसाठी’ म्हटलं तर तो समजणार नाही, ‘कडक द्या, मीठमसाला लावून खायचेत’ म्हण.

एक किलो पेरू धुऊन सालीबियांसकट पातळ चिरायचे. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात घालून वर बुडेल इतकंच पाणी, म्हणजे साधारण सव्वा लिटर. एका लिंबाचा रस यातच घाल, आंबटपणामुळे पेक्टिन गरातून लवकर सुटतं. मंद आचेवर अर्धा तास. फोडी मऊ झाल्या पाहिजेत, पण डावाने घोटायच्या नाहीत. मग धुतलेल्या पंचात किंवा मलमलीच्या कापडात बांधून नळाला टांगून ठेव, खाली पातेलं. रात्रभर थेंबथेंब गळू दे. इथे सगळ्यांचे हात शिवशिवतात. पिळू नकोस. चक्का बांधताना आपण शेवटी पुरचुंडी दाबतो ना, ती सवय इथे आवर. दाबलंस की गराचे कण उतरतात आणि तुला हवी ती आरपार दिसणारी जेली मिळत नाही.

सकाळी रस मिळेल. त्यात पेक्टिन किती आहे हे बघायची वर्गात शिकवलेली पद्धत अजून मी वापरते. केमिस्टकडचं स्पिरिट आण. काचेच्या पेल्यात एक चमचा गार रस, त्यावर तीन चमचे स्पिरिट, हलकेच फिरवून दोन-तीन मिनिटं थांब. एकच मोठी गुठळी जमली तर पेक्टिन भरपूर, रसाइतकीच साखर चालेल. दोन-तीन तुकडे झाले तर एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर. नुसते बारीक कण तरंगले तर रस आधी थोडा आटवायचा आणि पुन्हा बघायचं. तो पेला नंतर मोरीत ओतून टाक, चुकूनही कुणी चाखू नये. मुलं घरात असतील तर त्यांच्यासमोरच करून दाखव, त्यांना फार मजा येते, आणि लगेच ओत.

पानं कधी घालायची यावर सगळा वास अवलंबून आहे. वासाची तेलं उडून जातात. गवती चहा त्यातल्या त्यात चिवट, तो उकळी सोसतो. पेरू शिजायची शेवटची दहा मिनिटं राहिली की आठ-दहा पाती खलबत्त्यात जराशी ठेचून, गाठ मारून पातेल्यात टाक. रस गळताना कापडात तशीच राहू दे. पांढरे, बुंध्याकडचे भागही वास देतात, ते टाकू नकोस. तुळस आणि पुदिना मात्र उकळीत घातले तर काढ्यासारखी चव येते. ते सगळ्यात शेवटी.

रस मोठ्या पातेल्यात उकळायला ठेव. एका वेळी चार-पाच वाट्यांपेक्षा जास्त घेऊ नकोस. जास्त रस आटायला वेळ लागतो, आणि आंबट रस फार वेळ उकळत राहिला की पेक्टिन तुटतं. उकळी आली की साखर, ती विरघळली की दर चार वाट्यांना एका मोठ्या लिंबाचा रस. मग आच मोठी. फेस वर चढतो म्हणून पातेलं मोठं. मळी काढत राहा.

झाली हे कसं ओळखायचं? आपण लाडवाच्या पाकावर वाढलेल्या बायका, बोटांत तार बघायचा मोह होतो. तारेवर जाऊ नकोस, दोन तारी पाक होईपर्यंत थांबलीस तर बाटलीत चिकट गोळा बसेल. मोठा चमचा बुडवून आडवा धर. आधी थेंब सुटेसुटे पडतात. मग दोन थेंब कडेला एकमेकांत मिसळतात आणि पातळ पापुद्र्यासारखे एकत्र खाली पडतात. त्या क्षणी गॅस बंद. थर्मामीटर असेल तर १०५ अंश सेल्सिअस. आपण समुद्रसपाटीवर आहोत म्हणून १०५. पाणी जिथे उकळतं त्याच्यावर चार ते पाच अंश, असा हिशेब आहे. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांना उकळतं, तिथे हीच जेली शंभराच्या आसपास तयार होते.

गॅस बंद केल्यावर पुदिन्याची किंवा तुळशीची हाताने चुरगळलेली जुडी दोऱ्याने बांधून दोन-तीन मिनिटं बुडव, फिरव, काढून टाक आणि लगेच बाटल्या भर. रेंगाळलीस तर पातेल्यातच घट्ट होईल.

बाटल्या काचेच्या, पाण्यात दहा मिनिटं उकळून पूर्ण सुकवलेल्या. जेली कडकडीत गरम असतानाच भरायची, बाटलीही गरम हवी, नाहीतर तडकते. झाकण लावून पुन्हा उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. आम्हाला पूर्वी वरून वितळलेलं मेण ओतायला शिकवलं होतं, आता तसं करू नये असं सांगतात. आपल्या दमट हवेत मेणाच्या कडेने बुरशी शिरते. मग चोवीस तास बाटलीला हात लावायचा नाही, तिरकी करून बघायचंसुद्धा नाही. जेली हळूहळू लागते, पहिल्या संध्याकाळी पातळ दिसली म्हणून घाबरायचं नाही.

निम्मी साखर नको. साखर इथे गोडीसाठी कमी आणि बांधणीसाठी जास्त आहे. तयार जेलीत ६५ टक्क्यांच्या आसपास विद्राव्य (विरघळलेले) घटक असावे लागतात, ते मुख्यतः साखरेचे. तेवढे असले की जेली लागते आणि टिकतेही. कमी गोड हवी असेल तर वेगळ्या जातीचं पेक्टिन मिळतं, ते कॅल्शियमच्या मदतीने घट्ट होतं, पण ती बाटली फ्रीजमध्येच ठेवावी लागेल. नणंदेला द्यायची तर पूर्ण साखरेची दे आणि सांग, पातळ लावून खा.

उत्तनकर

काकू, फार छान लिहिलंत. आमच्या घरी नाताळच्या कुसवारात (फराळात) पेरूचं चीज असतं, म्हणजे पेराद. त्यामुळे एक भर घालतो. कापडात उरलेला गर टाकू नका. पिठाच्या चाळणीपेक्षा जरा मोठ्या छिद्रांच्या चाळणीवर घासून बिया वेगळ्या करायच्या, जितका गर तितकी साखर, थोडं लिंबू, शेवटी लोणी, आणि पातेल्याच्या कडा सोडेपर्यंत ढवळायचं. थाळीला लोणी लावून थापायचं, दुसऱ्या दिवशी वड्या. रस जेलीत गेलेला असतो, त्यामुळे पेरूचा वास जरा कमी येतो, पण गवती चहाचा मागे राहतो आणि तो वडीत फार सुंदर लागतो. आई हल्ली मुद्दाम तसंच करते.

पुदिन्याच्या जेलीबद्दल मात्र माझं मत वेगळं. पेरू आणि पुदिना भांडतात. आमच्याकडे मटण रोस्टबरोबर पुदिन्याची जेली असते, ती आम्ही हिरव्या आंबट सफरचंदाच्या रसात करतो आणि लिंबाऐवजी थोडं पांढरं व्हिनेगर घालतो. सफरचंदाला स्वतःचा वास बेताचा, पुदिना वर येतो.

पार्लेकर काकू

उत्तनकर, पुदिन्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला पटतं. मी पेरूत पुदिना घालते तो आलं जोडीला असतं म्हणून खपतो. नुसता पुदिना हवा असेल तर सफरचंद, किंवा पपनस मिळालं तर त्याच्या सालीखालचा पांढरा जाड भाग. त्यात पेक्टिन भरपूर असतं. तो बारीक चिरून एकदा उकळून ते पाणी फेकायचं, कडवटपणा जातो, मग ताज्या पाण्यात लिंबू घालून पाऊण तास शिजवून गाळायचं. गणपतीच्या दिवसांत पपनस येतं तेव्हा मी हा रस करून फ्रीजरमध्ये ठेवते. कुठलीही जेली लागली नाही तर त्यात हा घालून पुन्हा उकळी दिली की काम होतं.

आणि मुलुंडच्या मुली, पुदिन्याची जेली हिरवीगार होईल अशी अपेक्षा ठेवू नकोस. आंबटात आणि उष्णतेत हिरवा रंग टिकत नाही, शेवाळी पिवळट होतो. दुकानातल्या पाचूसारख्या बाटल्यांत रंग घातलेला असतो. मला तो पिवळट सोनेरीच आवडतो. रंग हवाच असेल तर गोकर्णाची निळी फुलं बुडव, लिंबू पडलं की जांभळा होतो, चवीत ढवळाढवळ नाही.

पानओवा फार जपून. एका बाटलीला दोन पानं पुरतात, वर गेलीस तर औषधासारखी चव लागेल. पण कडक लोणी लावलेल्या ब्रून पावावर पानओव्याची जेली आणि वर मिरपूड, हे एकदा खाऊन बघच.

दादरकर

फुलबाजारात मरवा आणि सब्जा स्वस्तात मिळतो. सब्ज्याला तर तुळशीसारखाच छान वास. तो चालेल का? आणि साखरेऐवजी गूळ?

पार्लेकर काकू

वनस्पती दोन्ही खायच्याच आहेत, पण फुलबाजारातला माल वेणीसाठी आणि हारासाठी वाढवलेला असतो. त्यावर काय फवारलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तो नको. काडी आणून कुंडीत लावा, मरवा आणि सब्जा दोन्ही फांदीपासून जगतात, नव्या फुटव्याची पानं वापरा. हेच नर्सरीतून आणलेल्या रोपाला लागू. आणल्या आणल्या पानं तोडू नयेत, जुनी पानं छाटून नवी येऊ द्यावीत. सोसायटीत डासांची धुराची फवारणी झाली असेल तर मी दोनेक आठवडे कुंड्यांना हात लावत नाही, आणि नंतरही दोन पाण्यांतून धुते.

गुळाने जेली गढूळ होते आणि गुळाचा वास इतका मोठा की पानं त्याखाली दबतात. गूळ पेरादमध्ये घाला, तिथे शोभतो.

ठाण्याची खवय्यी

तुळस उकळत्या पाकात बुडवायला माझं मन होत नाही, काकू. आमच्याकडे वृंदावनातली तुळस पूजेशिवाय तोडत नाहीत.

पार्लेकर काकू

मग बुडवू नका, ताई. माझ्या सासूबाईसुद्धा वृंदावनातल्या तुळशीला हात लावू द्यायच्या नाहीत आणि संध्याकाळी तर कुठलंही पान तोडू द्यायच्या नाहीत. पण खोकल्याच्या काढ्यासाठी त्यांनी मागच्या गॅलरीत वेगळी रोपं ठेवली होती. मीही तसंच करते, पूजेची वेगळी, स्वयंपाकाची वेगळी.

बाल्कनीवाली, मुलुंड

काकू, मनापासून आभार. काल पेरू शिजवले, रात्रभर नळाला टांगले. घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली होती, कुणी पिळलं नाही! रस फिकट गुलाबीसर, अगदी स्वच्छ आलाय, जवळजवळ चार वाट्या. गवती चहाचा वास दार उघडल्याबरोबर येतो. स्पिरिटची परीक्षा केली, एकच गुठळी नाही झाली, तीन तुकडे झाले. म्हणजे चार वाट्यांना तीन वाट्या साखर, बरोबर ना? आणि लिंबं छोटी आहेत, कागदी. एक पुरेल की दोन? जास्त आंबट आवडते म्हणून तीन घातली तर?

पार्लेकर काकू

तीन वाट्या बरोबर. शिजवताना एक लिंबू गेलंय, आता दोन छोटी पुरेत. तीन नकोत. आंबटपणा मर्यादेबाहेर गेला की जेली लागते खरी, पण दोन-चार दिवसांत तिला पाणी सुटतं, बाटलीत वर गोड पाण्याचा थर दिसतो. नणंदेकडे पोचेपर्यंत तसं व्हायला नको. आंबट हवी असेल तर पुढच्या खेपेला पेरूत थोडे आवळे शिजव, चव आंबट-तुरट येते आणि पेक्टिनही मिळतं. पण मग पाणी थोडं जास्त घाल आणि गाळल्यावर लिंबू घालण्याआधी चाखून बघ.

साखर घालण्याआधी स्टीलची छोटी बशी फ्रीजरमध्ये ठेव. चमच्यावरून पापुद्रा पडतोय की नाही याची शंका आली तर गॅस बंद करून बशीवर एक थेंब टाक, मिनिटभराने बोटाने ढकल. सुरकुती पडली तर झाली. नाही पडली तर परत दोन मिनिटं उकळ. गॅस चालू ठेवून परीक्षा घेत बसू नकोस, तेवढ्यात ती पुढे निघून जाते.

उत्तनकर

आणि गर फ्रीजमध्ये ठेवा, आजच पेराद जमणार नसेल तर. उद्यापर्यंत चांगला राहतो.

बाल्कनीवाली, मुलुंड

ठेवला. सासूबाई म्हणताहेत, पेराद मी ढवळते.

पार्लेकर काकू

त्यांना लांब दांड्याचा डाव दे आणि हाताला फडकं गुंडाळायला सांग. शेवटी शेवटी गर फार उडतो, चटके बसतात. आणि कवठं महाशिवरात्रीच्या सुमारास येतील तेव्हा इथेच विचार, कवठाच्या जेलीत आलं आणि गवती चहा कसा घालायचा ते सांगेन. कवठाचं प्रमाण वेगळं, त्याच्यात आंबटपणा स्वतःचाच पुष्कळ असतो.